तुटलेल्या कोयंड्याची किंमत

घरफोडी हा शब्द मराठीत एकच असला, तरी व्यवहारात त्याचे अर्थ दोन होतात. एक अर्थ फौजदारी कायद्याचा, जो पोलीस ठाण्यातील फिर्यादीला लागू पडतो, आणि दुसरा विमा पॉलिसीचा, जो दावा मंजूर करायचा की फेटाळायचा हे ठरवतो. ज्याच्या घरातून लॅपटॉप, कॅमेरा किंवा टीव्ही गेलेला असतो त्याला हे दोन्ही अर्थ एरवी माहीत असण्याचे कारण नसते, आणि ते कळतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पहिल्या अर्थाने जी घरफोडी ठरते ती दुसऱ्या अर्थाने साधी चोरी ठरू शकते, आणि साध्या चोरीची भरपाई पुष्कळ पॉलिसी देत नाहीत. म्हणूनच घरातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या संरक्षणाचा आणि विम्याचा विचार कुलूप कोणते घ्यावे किंवा हप्ता किती बसेल येथून सुरू न करता या दोन अर्थांमधल्या अंतरापासून सुरू करणे सोयीचे ठरते.

मूळ शब्द भिंतीशी निगडित आहे. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला भगदाड पाडून आत शिरणे हा जुन्या काळचा रूढ मार्ग होता. संस्कृतात त्याला संधिच्छेद म्हणत, आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकातला शर्विलक तर चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडताना ते कोणत्या आकाराचे शोभेल याचाही कलावंताच्या ऐटीत विचार करतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे मराठी प्रेक्षकालाही हा चोर चांगला परिचयाचा आहे. सिमेंट-काँक्रीटच्या घरांत भिंत फोडण्याचे प्रयोजन उरले नाही. फोडण्याची जागा भिंतीवरून दारावर आणि दारातही नेमकी कडी-कोयंड्यावर आली. अज्ञात चोरट्याने कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला, हे वर्तमानपत्रांतले वाक्य इतके ठरीव झाले आहे की वाचकाची नजर त्यावर थांबत नाही, परंतु विम्याच्या दृष्टीने पाहिले तर संपूर्ण बातमीत पैशांची किंमत असलेले वाक्य तेवढेच असते.

फौजदारी कायद्याची व्याख्या ऐसपैस आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ४४५ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३३० यांत घरफोडीचे सहा प्रकार सांगितलेले आहेत, आणि त्यांतल्या सगळ्यांत काही तरी मोडले-तोडले गेलेच पाहिजे अशी अट नाही. चोराने स्वतः पाडलेल्या वाटेने शिरणे हा एक प्रकार, माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने, म्हणजे भिंत चढून किंवा खिडकीतून, शिरणे हा दुसरा, आणि कोणतेही कुलूप उघडून शिरणे हाही त्यांतलाच एक. जुन्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत तर घरमालकाची हरवलेली किल्ली सापडलेला माणूस त्याच किल्लीने दार उघडून आत गेला तर ती घरफोडीच, असे स्पष्ट म्हटले आहे. चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीला दिवसा १० वर्षांपर्यंत आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. घराची वेस ओलांडणे हाच येथे अपराधाचा गाभा असल्यामुळे ती कोणत्या साधनाने ओलांडली याला कायदा दुय्यम महत्त्व देतो.

विमा पॉलिसीला मात्र साधनच महत्त्वाचे वाटते. घरफोडी विम्याच्या पॉलिसींत जोखमीची व्याख्या साधारणपणे अशी असते की, जागेत बळजबरीने व मोडतोड करून प्रत्यक्ष प्रवेश झाल्यानंतर, किंवा तशाच रीतीने बाहेर पडताना, झालेली चोरी. तिला धाकदपटशा किंवा मारहाण करून केलेल्या लुटीची जोड दिलेली असते. ही शब्दयोजना भारतात जन्मलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये घरफोडी विमा रुळत होता, त्या काळात १८९९ मध्ये तेथील अपील न्यायालयासमोर एका जवाहिऱ्याच्या दुकानाचे प्रकरण आले. दुकानाचे दार लोटलेले होते पण त्याला कुलूप नव्हते. चोराने मूठ फिरवून दार उघडले आणि आतले काचेचे कपाट फोडून ऐवज नेला. न्यायालयाने दावा नाकारला, कारण बळजबरी कपाटावर झाली होती, दारावर नव्हे, आणि पॉलिसीला दारावरची बळजबरी हवी होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधील त्या न लावलेल्या कुलपाचे पडसाद आजही मुंबई-पुण्यातल्या दाव्यांवर उमटतात.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात सोडवला. चोरी झाली यावर वाद नव्हता, वाद होता तो बळाचा वापर झाला होता की नाही याचा. दंडसंहितेतील घरफोडीची व्याख्या पॉलिसीला लावता येणार नाही, दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या पॉलिसीतील व्याख्याच निर्णायक ठरेल, आणि त्या व्याख्येनुसार चोरीच्या आधी बळाचा वापर झालेला असणे आवश्यक आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. निर्णय विमा कंपनीच्या बाजूने देऊनही न्यायालयाने शेवटी जी टिप्पणी केली ती अधिक लक्षणीय आहे: सामान्य माणूस आपण चोरीचा विमा उतरवला असेच समजून चालतो, चोरीपूर्वी मोडतोड झालीच पाहिजे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून कंपन्यांनी ही व्याख्या वास्तवाच्या अधिक जवळ आणावी, अशा आशयाची ती टिप्पणी होती. पुढे २०१६ मध्ये ओडिशाच्या एका सरकारी वित्तपुरवठा महामंडळाने न्यू इंडिया अॅश्युरन्सविरुद्ध केलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ पुन्हा कायम केला. पॉलिसीतील संदिग्ध शब्दांचा अर्थ ती लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा असे एक तत्त्व न्यायालये मानतात, पण येथे शब्द संदिग्ध नाहीतच, असे त्या वेळी सांगण्यात आले. २००४ ची सूचना आणि २०१६ चा निकाल एकापुढे एक ठेवून वाचले की न्यायालयाच्या सदिच्छेचा पॉलिसीच्या छापील मजकुरावर किती परिणाम होतो याचा अंदाज येतो.

कायद्याचा हा काथ्याकूट इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत विशेष बोचतो, कारण या वस्तू सोन्याप्रमाणे कपाटाच्या तिजोरीत राहत नाहीत. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हाचा टीव्ही लाकडी कपाटासारखा अवजड होता, त्याला सरकते दार आणि कधी कधी कुलूपही असे, आणि तो पळवायचा म्हटला तर दोन माणसे व एक टेम्पो लागला असता. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि मागोमाग व्हीसीआर आला. काखोटीला मारून नेता येईल आणि लगेच विकता येईल अशी घरातली पहिली महाग इलेक्ट्रॉनिक वस्तू बहुधा तीच. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत किंमत वाढत आणि वजन घटत गेले. आजच्या मध्यमवर्गीय घरातला टीव्ही भिंतीवर मोठा आणि नाजूक झाल्यामुळे पुन्हा चोराच्या गैरसोयीचा बनला आहे, पण दोन-तीन मोबाइल, एक-दोन लॅपटॉप, टॅबलेट, कॅमेरा आणि स्मार्ट घड्याळ हे सगळे शाळेच्या दप्तरात मावते. शिवाय या वस्तू घरभर पसरलेल्या असतात, चार्जिंगला लावलेल्या असतात, आणि चार्जिंगचा प्लग पुष्कळ घरांत खिडकीजवळच असतो.

उन्हाळ्यात चाळीत किंवा तळमजल्यावर वाऱ्यासाठी दार-खिडकी उघडी ठेवून माणसे झोपतात आणि पहाटे उशाचा किंवा खिडकीतला मोबाइल गेलेला असतो. गजांतून हात किंवा काठी घालून तो ओढून घेण्यात काहीच तुटत नाही. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर बसवलेल्या एसीच्या युनिटमधली तांब्याची नळी कापून नेली जाते, पण ते युनिट पॉलिसीतल्या ‘जागेच्या’ आत आहे की बाहेर यावरच वाद सुरू होतो, आणि आत कोणी शिरलेलेच नसल्यामुळे प्रवेशाचा प्रश्न उद्भवत नाही. घराची किल्ली चपलांच्या स्टँडमध्ये, कुंडीखाली किंवा वीजमीटरच्या पेटीवर ठेवण्याची सवय तर इतकी सार्वत्रिक आहे की ती जागा घरच्यांइतकीच इतरांनाही माहीत असते. अशा किल्लीने दार उघडले तर फौजदारी कायद्याप्रमाणे घरफोडी पूर्ण होते, पण पॉलिसीप्रमाणे सिद्ध होणे कठीण जाते. दार नुसते ओढून घेतले की लागणारे लॅच पट्टीने किंवा जाड कार्डाने सरकवता येते आणि त्याची खूण क्वचितच उरते. घरात कामाला येणाऱ्या व्यक्तीने किंवा कुटुंबातल्याच कोणी केलेली चोरी तर बहुतेक पॉलिसींच्या अपवादांत नाव घेऊन वगळलेली असते. अपवाद म्हणजे पॉलिसी ज्या प्रसंगी लागू होणार नाही त्यांची यादी. विमा विकणारा ती वाचून दाखवत नाही आणि घेणारा वाचत नाही.

पॉलिसी कोणती, हा यापुढचा प्रश्न. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या मजकुराची गृहविमा पॉलिसी विकणे बंधनकारक केले. तिचा मजकूर सुबोध आहे आणि काही तरतुदी खरोखर उदार आहेत. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामान्य सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. विमा रक्कम प्रत्यक्ष किमतीपेक्षा कमी असली तरी भरपाईत त्या प्रमाणात कपात होत नाही. मात्र आग, भूकंप, पूर, वादळ, दंगल अशा आपत्तींची जी यादी या पॉलिसीत आहे, तीत चोरी येते ती एका वळणाने: यादीतील एखादी आपत्ती घडल्यानंतर सात दिवसांच्या आत आणि त्या आपत्तीमुळेच झालेली चोरी भरून मिळते. पुराने घर सोडावे लागले आणि मागे टीव्ही गेला तर भरपाई आहे. दिवाळीत गावी गेल्यावर लॅपटॉप गेला तर नाही. घरफोडीसाठी वेगळे जोडसंरक्षण घ्यावे लागते, किंवा कंपन्यांच्या स्वतंत्र गृहस्थ पॅकेज पॉलिसीतला घरफोडीचा विभाग निवडावा लागतो. गृहकर्ज घेताना बँकेने आग्रहाने गळ्यात मारलेली पॉलिसी ही बहुधा केवळ इमारतीची असते, आणि सहकारी गृहनिर्माण संस्था जो विमा उतरवते तोही इमारतीचाच असतो. तरीही ‘सोसायटीचा विमा आहे’ या वाक्यावर विसंबून राहणारी कुटुंबे काही थोडीथोडकी नाहीत.

पॅकेज पॉलिसीतला आणखी एक विभाग घरगुती उपकरणांच्या बिघाडाचा असतो, आणि नावामुळे तो इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा सर्वांगीण विमा वाटतो. तो तसा नाही. विजेच्या किंवा यांत्रिक दोषाने उपकरण बंद पडले तर त्याची दुरुस्ती हे त्याचे क्षेत्र आहे. दुकानदार विकतो ती वाढीव वॉरंटीही बिघाडापुरतीच असते. चोरी झालेल्या वस्तूची वॉरंटी ही चोराच्या उपयोगाची गोष्ट. घराबाहेर नेल्या जाणाऱ्या लॅपटॉप-कॅमेऱ्यासाठी ‘सर्व जोखीम’ म्हणून ओळखले जाणारे किंवा फिरत्या उपकरणांसाठीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, कारण घरफोडीचा विभाग पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्याच्या उंबऱ्यापाशी संपतो. करोनाकाळापासून घरातूनच नोकरी करणाऱ्यांच्या टेबलावर जो लॅपटॉप असतो तो पुष्कळदा नोकरी देणाऱ्या कंपनीचा असतो. ज्या वस्तूच्या नुकसानीने आपले आर्थिक नुकसान होते तिच्यातच आपल्याला विमायोग्य हितसंबंध असतो, हे विम्याचे मूलतत्त्व असल्यामुळे आणि व्यवसायाच्या वस्तू घरगुती पॉलिसी सहसा वगळत असल्यामुळे, असा लॅपटॉप घराच्या विम्यात मोडत नाही. नोकरीच्या करारात मात्र त्याची भरपाई कर्मचाऱ्याकडून घेण्याची तरतूद असू शकते. ती पाहून ठेवणे पॉलिसी पाहण्याइतकेच जरुरीचे आहे.

रकमेच्या हिशेबात दोन ठिकाणी फसगत होते. पहिले ठिकाण सरासरीच्या कलमाचे. घरातले सामान ६ लाखांचे असताना हप्ता वाचवण्यासाठी ते ३ लाखांचे दाखवले आणि १ लाखाचे सामान चोरीस गेले, तर ज्या पॉलिसीत सरासरीचे कलम आहे ती निम्मेच, म्हणजे ५० हजार रुपये, देते; उरलेल्या निम्म्या सामानाचा विमा विमेदाराने स्वतःकडेच उतरवला होता असा तिचा तर्क असतो. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीने ही कपात काढून टाकली असली, तरी घरफोडीच्या जोडसंरक्षणाचा मजकूर कंपनीगणिक वेगळा असल्याने ती तेथेही काढली आहे असे गृहीत धरता येत नाही. चोर सगळे घर एका रात्रीत उचलून नेऊ शकत नाही, हे मान्य करून काही पॉलिसी ‘प्रथम नुकसान’ पद्धतीने एकूण किमतीच्या काही टक्क्यांपुरतेच संरक्षण आणि त्या मानाने कमी हप्ता देतात, पण तिथेही एकूण किंमत खरी जाहीर करावी लागते. दुसरे ठिकाण घसाऱ्याचे. बाजारभावाने भरपाई देणारी पॉलिसी वस्तूच्या वयाप्रमाणे किंमत उतरवते. ६० हजारांच्या लॅपटॉपवर वर्षाला २० टक्के घसारा धरला असे मानले, तर तीन वर्षांनी त्याचे २४ हजार होतात, आणि तेवढ्याच क्षमतेचा नवा लॅपटॉप त्या पैशांत येत नाही. नव्या वस्तूच्या किमतीने भरपाई देणाऱ्या पॉलिसीचा हप्ता थोडा अधिक असतो, परंतु इलेक्ट्रॉनिक वस्तूंची किंमत ज्या वेगाने घसरते तो पाहता, या एका गोष्टीत काटकसर न केलेली बरी.

घर बंद ठेवण्याच्या मुदतीचे कलम मराठी कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखे आहे. घर सलग ठरावीक दिवस, बहुधा ३० दिवस, रिकामे राहिले तर घरफोडीचे संरक्षण थांबते, अशी अट अनेक पॉलिसींत असते, आणि कंपनीला आधी लेखी कळवून संमती घेतली तरच ते चालू राहते. गणपतीला कोकणात गेलेला चाकरमानी पंधरवड्यात परततो, त्यामुळे त्याच्या मुंबईच्या घराला ही अट बाधत नाही. त्याचे गावातले घर मात्र वर्षाचे दहा-अकरा महिने बंद असते. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांचा फ्लॅट या अटीत नेमका सापडतो. शेजाऱ्याकडे किल्ली दिलेली असते आणि तो आठवड्यातून एकदा झाडांना पाणी घालतो, पण पाणी घालणे म्हणजे वास्तव्य नव्हे.

वस्तू जाऊच नये यासाठी करायचे उपाय वाचकाला बहुतेक ठाऊक असतात, तरी त्यांतल्या काहींचा विम्याशी असलेला संबंध क्वचितच सांगितला जातो. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून या शहराने कुलपे बनवण्यात पुष्कळ प्रगती केली, पण दाराला बाहेरून लावलेल्या कडी-कोयंड्यात कुलूप कितीही भारी असले तरी चोर कुलपाला हात लावत नाही. तो चार स्क्रूंवर उभा असलेला कोयंडा कटावणीने उचकटतो. शिवाय बाहेर लटकणारे कुलूप घर बंद असल्याची जाहिरात करते. दाराच्या फळीतच खाच पाडून बसवलेले कुलूप आणि त्यापुढे लोखंडी सेफ्टी डोअर या जोडीने चोराचा वेळ जातो, आणि वेळ ही चोराची सर्वांत महाग वस्तू असते. योगायोग असा की हेच दार फोडावे लागले तर त्याच्या खुणा ठसठशीत राहतात, त्यामुळे मजबूत दार चोरी अडवते आणि ती अडली नाही तर दावा उभा करते. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखालच्या कपाटात ठेवला जातो, आणि जाताना चोर इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंबरोबर तोही घेऊन जातो. पुरावा आणि मुद्देमाल एकाच पोत्यात. चित्रण घराबाहेर, इंटरनेटवरच्या साठ्यात, जात असेल तरच कॅमेऱ्याला अर्थ. नव्या टीव्हीचे पाच फुटी खोके दसरा-दिवाळीच्या खरेदीनंतर इमारतीच्या कचऱ्याजवळ उभे करून ठेवणे हेही आत काय आले आहे याची दवंडी पिटण्यासारखेच आहे.

वस्तूच्या आतच बसवलेले संरक्षण हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे वेगळेपण. अॅपलने २०१३ मध्ये आणि अँड्रॉइडने २०१५ च्या सुमारास अशी सोय केली की मालकाच्या खात्याचा पासवर्ड दिल्याशिवाय चोरीचा फोन पुसून नव्याने सुरू करता येत नाही. अशा फोनची चोरबाजारातली किंमत पडते, मात्र शून्य होत नाही, कारण स्क्रीन, कॅमेरा आणि इतर सुटे भाग विकता येतात. प्रत्येक मोबाइलला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो आणि तो *#०६# दाबल्यावर दिसतो. या क्रमांकावरून फोन सर्व कंपन्यांच्या जाळ्यांवर एकदम बंद पाडणारी सीईआयआर ही केंद्रीय नोंदवही दूरसंचार खात्याने सर्वप्रथम महाराष्ट्रात, सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत, सुरू केली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे ती देशभर नेली. बंद केलेल्या फोनमध्ये कोणी नवे सिम घातले तर त्याचा माग पोलिसांना मिळतो, आणि वेगवेगळ्या शहरांच्या पोलिसांनी शेकड्यांनी मोबाइल मालकांना परत केल्याच्या बातम्या अलीकडे येतात त्यामागे हीच यंत्रणा आहे. लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा यांना अशी नोंदवही नाही. त्यांची ओळख म्हणजे मागच्या बाजूला चिकटवलेला अनुक्रमांक. तो पावतीवर किंवा खोक्यावर असतो आणि एरवी कुठेच लिहून ठेवलेला नसतो.

दाव्याची खरी सुरुवात याच क्रमांकापासून होते. चोरी उघडकीस आल्यावर घर आवरण्याची घाई करू नये, कारण तुटलेला कोयंडा, उचकटलेली चौकट आणि विखुरलेले सामान यांची जागच्या जागी काढलेली छायाचित्रे आणि पोलिसांचा पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष केलेले घटनास्थळाचे वर्णन, हाच बळजबरीचा एकमेव पुरावा असतो. फिर्यादीत ‘घरातून लॅपटॉप चोरीला गेला’ एवढेच लिहिले गेले आणि दार कसे उघडले हे राहून गेले, तर पुढे सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा परवानाधारक तज्ज्ञ, त्याच कागदावर बोट ठेवतो. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ नुसार माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. चोर सापडला नाही तर महाराष्ट्र पोलीस न्यायालयात ‘ए समरी’ दाखल करतात, ज्याचा अर्थ गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा होतो, आणि विमा कंपन्या अंतिम भरपाईपूर्वी हा कागद मागतात. खोटी फिर्याद ठरली तर ‘बी समरी’ होते, आणि मग दाव्याचा प्रश्नच मिटतो. ‘ए समरी’ मिळायला लागणारे महिने हे या सगळ्या व्यवहारातले सर्वांत कंटाळवाणे प्रकरण असते.

पावत्यांच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट अनेकांना दगा देते. दुकानांत मिळणारी चकचकीत पावती उष्णतेने अक्षर उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते आणि कपाटात, विशेषतः प्लास्टिकच्या पिशवीत, दोन-तीन वर्षांत ती कोरी होते. जपून ठेवलेल्या फाइलमधून पांढरे कागद निघतात. खरेदीच्याच दिवशी पावतीचे, अनुक्रमांकाचे आणि वस्तूचे छायाचित्र काढून ते, चोरीला जाऊ शकणाऱ्या त्याच फोनमध्ये नव्हे तर ईमेलवर, ठेवले तर हा प्रश्न मिटतो. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंची कागदपत्रे कर्ज देणाऱ्या संस्थेकडे असतात, हा हप्त्यांचा एक अनपेक्षित फायदा.

कंपनीला कळवण्यास उशीर झाला हे दावा नाकारण्याचे आवडते कारण होते. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाने अस्सल दावे केवळ विलंबाच्या तांत्रिक कारणावरून फेटाळू नयेत असे कंपन्यांना बजावले. २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या चोरीस गेलेल्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात, पोलिसांत फिर्याद त्याच दिवशी झालेली असताना कंपनीला ५२ दिवसांनी कळवले हे भरपाई नाकारण्यास पुरेसे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो वाहनविम्याचा निर्णय असला तरी त्यातला विवेक घरफोडीलाही लागू पडावा असाच आहे: पोलिसांकडे तत्काळ गेलेल्या माणसाच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नसते. तरी दोन्हीकडे एकाच दिवशी कळवणे हे निकालावर विसंबण्यापेक्षा स्वस्त पडते. दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कार्यालये मुंबई आणि पुणे येथेही आहेत, आणि तेथे फी नाही व वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग याशिवाय खुला असतो.

क्वचित असेही होते की भरपाई मिळून गेल्यावर चोर पकडला जातो. जप्त झालेला मुद्देमाल पोलीस ठाण्यात धूळ खात पडू नये, छायाचित्रे आणि पंचनामा करून तो लवकर हक्कदाराच्या ताब्यात द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावलेले आहे, आणि सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यास हजर करण्याच्या हमीवर, वस्तू परत घेण्याची सोयही कायद्यात आहे. मुद्देमालाच्या खोलीत एकाच कंपनीचे एकसारखे काळे लॅपटॉप ओळीने ठेवलेले असतात, आणि त्यांतला आपला कोणता हे अनुक्रमांक ठाऊक असलेल्यालाच सांगता येते. मात्र वस्तूची पूर्ण भरपाई दिल्यावर तिच्यावरील हक्क विमा कंपनीकडे जातो, त्यामुळे सापडलेला लॅपटॉप मालकाने कंपनीच्या स्वाधीन करायचा असतो. त्यातली मुलांची छायाचित्रे, हिशेब, अर्धवट लिहिलेली पत्रे यांची किंमत घरगुती पॉलिसी सहसा धरतच नाही, आणि ती आधी दुसरीकडे उतरवून ठेवलेली नसतील तर लॅपटॉप देण्यापूर्वी ती काढून घेऊ द्यावीत, अशी विनंती करण्यापलीकडे मालकाच्या हाती काही राहत नाही.